मुंबई हायच्या पाण्याखालची पाहणी: यंत्रे कशासाठी घ्यायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राखाली कोणत्याही केबलशिवाय आपले आपण फिरणाऱ्या आणि तेल-वायूच्या सामग्रीची पाहणी करणाऱ्या यंत्रांविषयी अलीकडे जे बोलले जाते, त्यात मला दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा, की पाण्यात उतरून काम करणाऱ्या माणसांची, म्हणजे पाणबुड्यांची, आता गरजच उरणार नाही. दुसरा धास्तीचा, की पाणबुड्यांच्या पोटावर पाय येणार. मी अरबी समुद्रात, आणि मधली काही वर्षे आखाती देशांत, पाण्याखालच्या पाहणीचे काम अभियंता म्हणून 28 वर्षे केले आणि आता निवृत्त होऊन उरणला राहतो. या दोन्ही सुरांच्या मध्ये खरा प्रश्न हरवतो आहे असे मला तळमळीने वाटते, म्हणून हे पत्र. समुद्रतळावर टाकलेल्या आपल्या वाहिन्या आणि पाण्यात उभे असलेले आपले प्लॅटफॉर्म आपण किती वेळा पाहतो, आणि दोन पाहण्यांच्या मधल्या काळात तिथे काय घडते, हा तो प्रश्न आहे.

'सागर सम्राट' या जहाजावरून 1974 मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले, मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि 1978 पासून समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून तेल व वायू उरणला येऊ लागले. हे क्षेत्र मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर आहे आणि तिथे पाण्याची खोली साधारण 75 मीटर आहे. पाण्यावर जे दिसते ते प्लॅटफॉर्मचे डोके. त्याचा सारा भार पेलणारा पोलादी सांगाडा, ज्याला आम्ही जॅकेट म्हणतो, तो पाण्याखाली असतो. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजू नये म्हणून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे किंवा जस्ताचे अ‍ॅनोड बसवलेले असतात, ते स्वतः झिजतात आणि सांगाड्याला वाचवतात. ते किती झिजले, सांगाड्याचे विद्युत विभव उणे 800 मिलिव्होल्टच्या सुरक्षित बाजूला आहे की नाही, वाहिनीखालची माती वाहून तर गेली नाही, रायझरचे, म्हणजे तळावरून वर प्लॅटफॉर्मपर्यंत चढणाऱ्या नळाचे, पट्टे घट्ट आहेत का, हे सर्व कोणीतरी खाली जाऊन पाहावे लागते. यातले कितीतरी पोलाद आता चार दशकांहून अधिक काळ पाण्यात उभे आहे.

हे पाहण्याची आजवरची रीत वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. 75 मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाच्या साडेआठ पट होतो. इतक्या खोलीवर रोज उतरायचे आणि रोज वर यायचे हे माणसाच्या शरीराला झेपत नाही, म्हणून पाणबुडे जहाजावरच्या दाबबंद कक्षात आठवडेच्या आठवडे राहतात. तिथेच जेवण, तिथेच झोप, हेलियम मिसळलेल्या हवेमुळे आवाज बदकासारखा चिरका झालेला. त्याच दाबाखालच्या घंटेसारख्या कुपीतून ते कामाला खाली उतरतात आणि परत त्याच कक्षात येतात. काम संपल्यावर दाब हळूहळू उतरवायला तीन ते चार दिवस लागतात, आणि त्याआधी कक्षाचे दार उघडले तर आतला माणूस वाचत नाही. जिथे माणूस लागत नाही तिथे केबलने जहाजाला बांधलेले यंत्र, आरओव्ही, सोडतात. पण माणूस असो वा आरओव्ही, दोन्हींसाठी एक मोठे जहाज प्लॅटफॉर्मच्या अगदी जवळ, इंजिनांच्या जोरावर एकाच जागी स्थिर राहून, दिवसरात्र उभे करावे लागते. अशा जहाजाचे दिवसाचे भाडे इतके असते की त्याचे काम वर्षभर आधी आखले जाते, आणि आखताना पावसाळा सोडून द्यावा लागतो. दसऱ्याच्या आसपास बहुतेक जहाजे निघतात आणि मे महिना सरता सरता परततात.

या रीतीची किंमत आपण 27 जुलै 2005 रोजी मोजली आहे. त्या दिवशी भर पावसाळ्यात 'समुद्र सुरक्षा' हे पाणबुड्यांच्या कामासाठी असलेले जहाज, बोटाला जखम झालेल्या एका स्वयंपाक्याला उपचारासाठी उतरवण्याकरिता, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळ आले, त्याच्यावरचा ताबा सुटला आणि ते रायझरवर आदळले. रायझर फुटून वायूने पेट घेतला आणि प्लॅटफॉर्म जळून गेला. 22 जणांनी प्राण गमावले, आणि जहाजही पुढे 1 ऑगस्टला बुडाले. या दुर्घटनेतली एक गोष्ट फारशी कोणी आठवत नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला मात्र ती विसरता येत नाही. त्या जहाजावर दाबाच्या कक्षात सहा पाणबुडे होते. जहाज पेटले, बाकीची माणसे जहाज सोडून गेली, पण या सहांना बाहेर काढणे शक्य नव्हते, कारण दार उघडणे म्हणजेच मृत्यू होता. सुमारे 36 तासांनंतर त्यांची सुटका झाली. ते 36 तास त्यांनी कसे काढले असतील, हे त्या कक्षात कधीतरी राहिलेला माणूसच जाणू शकतो.

ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, स्वायत्त यंत्रांची बाजू मांडताना बहुतेक जण खर्चाचा हिशेब पुढे करतात आणि माझ्या मते खर्च हे त्यातले सर्वांत कमी महत्त्वाचे कारण आहे. ज्या यंत्राला केबल नाही, त्याच्यासाठी जहाजाला रायझरच्या अंगाला चिकटून उभे राहावे लागत नाही. दूर उभ्या असलेल्या लहान जहाजावरून, किंवा खुद्द समुद्रतळावरच्या थांब्यातून, ते निघू शकते. ज्या रायझरची काळजी घ्यायची त्याच्याच शेजारी हजारो टनांचे जहाज आणून उभे करण्याची वेळ जितकी कमी येईल तितके सर्वांचेच भले आहे.

दुसरे कारण मी स्वतः पाहिलेल्या एका गोष्टीतून सांगतो. क्षेत्राचे आणि कंपनीचे नाव लिहिण्याचे इथे प्रयोजन नाही. एका वाहिनीची बाहेरून पाहणी त्या वर्षी वेळापत्रकात नव्हती. मागच्या अहवालात ती तळावर नीट टेकलेली होती आणि पुढची पाहणी काही वर्षांनी होती. आम्ही शेजारच्या दुसऱ्याच वाहिनीच्या कामासाठी गेलो होतो. पावसाळा नुकताच संपला होता. आरओव्ही परत येताना वाटेत ती पहिली वाहिनी आडवी आली, आणि पडद्यावर दिसले की तिच्याखाली माती नाही. यंत्र तिच्या कडेने पुढे नेत राहिलो आणि बराच वेळ खालची पोकळी संपेना. अशा अधांतरी वाहिनीवरून प्रवाह जातो तेव्हा तिच्यामागे भोवरे सुटतात, ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते, आणि ती थरथर कित्येक महिने चालली तर जोडावर तडा जातो. आम्ही कळवले, पोकळीत सिमेंटच्या पिशव्या रचून आधार दिला गेला आणि काही अघटित घडले नाही. पण आम्ही तिथून गेलो नसतो तर? वाहिनीच्या आतून मोजमाप करणारे यंत्र, ज्याला पिग म्हणतात, फिरवून भिंतीची जाडी कळते, पण बाहेरची माती सरकल्याचे त्याला सहसा कळत नाही. ती वाहिनी कागदोपत्री पूर्ण निरोगी होती. नियमात कोणी कसूर केली नव्हती. नियमच इतक्या विरळ नजरेवर बेतलेला होता. जानेवारी 2011 मध्ये मुंबई-उरण मुख्य वाहिनीतून गळती झाली, तेव्हा मला पुन्हा त्या पडद्याची आठवण झाली. कारणे वेगळी असू शकतात, पण समुद्रतळावर काय चालले आहे हे आपल्याला तेल वर आल्यावरच कळावे, हे मला पटत नाही.

आता हे यंत्र काम कसे करते ते पाहू, कारण त्याची ताकद आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिथूनच उलगडतात. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी काही मीटरांतच विरून जातात, म्हणून खाली उपग्रहाचा मार्गदर्शक चालत नाही आणि वरून चालकाला ते हाकताही येत नाही. तिथे चालतो तो ध्वनी. पाण्यात तो सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. यंत्र तळाकडे ध्वनी सोडून परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून आपला वेग ओळखते, आतल्या जायरोस्कोपवरून दिशा ओळखते, आणि या दोन्हींच्या बेरजेने आपण कुठे आहोत हे ठरवत जाते. उत्तम यंत्रांत ही चूक कापलेल्या अंतराच्या साधारण हजाराव्या भागाइतकी असते, म्हणजे 10 किलोमीटर गेल्यावर 10 मीटर, आणि तीही वरून मिळणाऱ्या ध्वनिसंकेतांनी सुधारता येते. ध्वनीवरून पाठवता येणारी माहिती मात्र फारच थोडी. चित्रफीत पाठवणे तर अशक्य. म्हणून वाहिनी कुठे वळली, कुठे मातीत गडप झाली, समोर जाळे आहे का, हे निर्णय यंत्राला स्वतःच घ्यावे लागतात. स्वायत्त हा शब्द यामुळेच पडला आहे. सोनारने ते तळाचा नकाशा काढते, जवळ गेल्यावर छायाचित्रे घेते, विद्युत क्षेत्र मोजून अ‍ॅनोडची स्थिती सांगते, आणि हे सर्व एका संथ, सारख्या उंचीवरून करते. प्रवाहात डुलणाऱ्या केबलमुळे आरओव्हीला तसे स्थिर राहणे कठीण जाते. गेल्या वर्षीचा नकाशा आणि या वर्षीचा नकाशा एकावर एक ठेवून माती कुठे किती सरकली हे बोटभर अंतरापर्यंत पाहता यावे, याचे मोल पाहणीच्या धंद्यातला माणूस जाणतो.

नॉर्वेत हे काम बरेच पुढे गेले आहे. तिथे 'ह्युगिन' मालिकेतली यंत्रे 1990 च्या दशकापासून वाहिन्यांच्या मार्गांचे सर्वेक्षण करत आली. आता समुद्रतळावरच्या थांब्यात राहून तिथेच बॅटरी भरून घेणारी यंत्रे आली आहेत. न्योर्ड या तेलक्षेत्रासाठी अशा मुक्कामी यंत्राचा करार 2019 मध्ये झाला, आणि ट्रॉनहाइमच्या विद्यापीठातून सापासारखे वळवळत नळांच्या जंजाळात शिरणारे यंत्र निघाले. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'चा स्फोट होऊन 11 जण दगावले आणि तेल वाहू लागले, तेव्हा अमेरिकेतील वुड्स होल संस्थेच्या 'सेंट्री' या स्वायत्त यंत्राने सुमारे 1100 मीटर खोलीवर पसरलेला, 35 किलोमीटरहून अधिक लांबीचा तेलाचा पट्टा शोधून दाखवला. पृष्ठभागावर पाहणाऱ्या कोणालाही तो दिसणे शक्य नव्हते.

इथवर वाचून हे यंत्र सर्व काही करील असा समज होऊ नये. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा निवासी प्लॅटफॉर्म उलटला आणि 123 माणसे गेली. मूळ होते एका आडव्या नळीवर ध्वनियंत्र बसवण्यासाठी केलेल्या एका लहानशा वेल्डमधला तडा. त्या तड्याच्या आत रंग सापडला, म्हणजे तो बांधणीच्या वेळेपासूनच तिथे होता. असा तडा दुरून जाणाऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याला दिसणार नाही. आपल्या कोमट पाण्यात तर जॅकेटवर शिंपले, कालवे आणि शेवाळ यांचा जाड थर बसतो. तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खरवडून, पोलाद उघडे पाडून, मग चुंबकीय किंवा विद्युत पद्धतीने वेल्ड तपासावा लागतो. हे काम आजही पाणबुड्याच्या हाताचे किंवा भक्कम हातांच्या आरओव्हीचे आहे. माझ्या ओळखीचे काही जुने पाणबुडे बोटांच्या स्पर्शावरून वेल्डची कड बिघडल्याचे सांगत, आणि साफ करून पाहिल्यावर ते बरोबर निघे. हे कौशल्य काटकसरीच्या नावाखाली मोडीत काढले तर पुन्हा उभे करायला एक पिढी जाईल.

आणखी एक अडचण आपल्या किनाऱ्याची खास आहे, आणि परदेशी विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत ती सापडत नाही. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच पोहोचते. दहा सेकंदांनी येणारी पावसाळी लाट खोल पाण्यात सुमारे 156 मीटर लांब असते. म्हणजे मुंबई हायच्या तळाशी ती क्षीण होऊन पोहोचते, पण किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात तोच जोर थेट तळाची माती घुसळून काढतो. त्यामुळे वाहिनीखालची माती सर्वांत जास्त सरकते ती किनाऱ्याजवळच्या टप्प्यात. आणि नेमके तिथेच पाणी इतके गढूळ असते की कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचे दिसत नाही, भरती-ओहोटीचा प्रवाह असा ओढतो की लहान यंत्राची शक्ती त्याच्याशी झुंजण्यातच संपते, आणि वाटेत कोळ्यांची तळाशी रोवलेली डोलीची जाळी असतात. यंत्राची गरज जिथे सर्वाधिक, तिथेच त्याचे काम सर्वाधिक अवघड आहे. म्हणून खोल, स्वच्छ पाण्यासाठी बनवलेले यंत्र जसेच्या तसे आणून भागणार नाही. आपल्याला सोनारवर भर असलेले, मातीत गाडलेली वाहिनी चुंबकीय संवेदकाने हुडकणारे, जोमदार प्रवाहात तग धरणारे आणि जाळी ओळखून बाजूला होणारे यंत्र हवे.

असे यंत्र घडवण्याची कुवत आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या अभियंत्यांनी 'माया' हे 200 मीटरपर्यंत जाणारे लहान स्वायत्त यंत्र बनवले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 150 मीटर खोलीसाठी असेच यंत्र बनवले. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर खनिजगोट्यांच्या शोधासाठी 'ओएमई 6000' हे यंत्र वापरते; ते नॉर्वेतून आलेले असले तरी ते चालवण्याचा अनुभव आपल्या माणसांनी मिळवला आहे. मुंबई हायची खोली 'माया'च्या आवाक्यातली आहे. प्रयोगशाळेतले यंत्र आणि तेलक्षेत्रात रोज राबणारे यंत्र यांत मोठे अंतर असते हे मी जाणतो; ते अंतर तोडायला यंत्राला खऱ्या वाहिन्यांवर, खऱ्या गढूळ पाण्यात, वर्षानुवर्षे फिरायला मिळावे लागते. ती संधी फक्त तेलकंपन्याच देऊ शकतात. काकिनाडाच्या किनाऱ्यापलीकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल पाण्यातून जानेवारी 2024 मध्ये सरकारी कंपनीचे तेल निघू लागले. तिथल्या सामग्रीपर्यंत पाणबुडा पोहोचूच शकत नाही, तिथे यंत्राला पर्याय नाही. पण म्हणून सारे लक्ष आणि सारा पैसा पूर्व किनाऱ्याकडे वळून पश्चिमेच्या जुन्या, उथळ, थकलेल्या वाहिन्या मागे पडू नयेत. जुने पोलादच अधिक काळजी मागते.

माझी मागणी साधी आहे. समुद्रातील तेल-वायू कामांच्या सुरक्षेसाठी 2008 चे नियम आहेत आणि त्यांवर देखरेखीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. या नियमांच्या चौकटीत एवढे घालावे की, स्वायत्त यंत्रे आली की त्यांच्यामुळे वाचलेल्या पैशातून पाहणीची संख्या वाढेल. आज जी वाहिनी काही वर्षांतून एकदा पाहिली जाते ती दर पावसाळ्यानंतर एकदा पाहिली जावी, आणि पाणबुड्यांनी करायची वेल्डची तपासणी एकाही वेल्डने कमी होऊ नये. यंत्र घेऊन पूर्वीइतक्याच वेळा पाहायचे आणि उरलेला पैसा ताळेबंदात दाखवायचा, असे झाले तर सुरक्षितता तसूभरही वाढणार नाही. उलट पाणबुड्याच्या डोळ्यांना जे सहज दिसले असते तेही निसटेल.

पाणबुड्यांविषयी एक गोष्ट राहिली. यंत्राने आणलेल्या लाखो चित्रांतून काय महत्त्वाचे आणि काय नाही हे ठरवायला कोणीतरी जाणता बसावा लागतो. अ‍ॅनोडवरचा साधा थर आणि निखळलेला अ‍ॅनोड यांतला फरक, किंवा दगडाची सावली आणि पोकळीची सावली यांतला फरक, संगणकाला शिकवायचा तर तो आधी कोणाला तरी यायला हवा. गुडघे आणि कान साथ देईनासे झाल्यामुळे चाळिशीत किनाऱ्यावर बसलेले पाणबुडे या कामासाठी सर्वांत योग्य आहेत. त्यांना वर्षभराचे प्रशिक्षण देऊन पडद्यासमोर बसवावे. माझ्याबरोबर काम केलेले असे किमान चार जण आज उरण-पनवेल परिसरात सुरक्षा रक्षकाची नोकरी करत आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

शेवटचा मुद्दा कोळी बांधवांचा. प्लॅटफॉर्मभोवती 500 मीटरच्या पट्ट्यात मासेमारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण वाहिन्या तर त्यांच्या नेहमीच्या मासेमारीच्या पाण्याखालून जातात. वाहिनी उघडी पडून वर आली की ट्रॉलरची फळी तिला अडकते, जाळे जाते, कधी वाहिनीलाही इजा होते. कोणता टप्पा उघडा पडला आहे हे यंत्राच्या नकाशात अचूक दिसते. सुरक्षेच्या दृष्टीने जे गुप्त ठेवायचे ते जरूर ठेवावे. पण दर पावसाळ्यानंतरच्या पाहणीतून जे टप्पे उघडे सापडले त्यांचे अक्षांश-रेखांश मराठीत छापून करंजा, मोरा आणि ससून डॉक येथील मच्छीमार संस्थांना द्यावेत, त्यांच्या फलकांवर लावावेत, आणि कुठे तेलाचा तवंग किंवा बुडबुडे दिसले तर कोणाला कळवायचे तो दूरध्वनी क्रमांक त्याखाली मोठ्या अक्षरांत असावा. समुद्रावर रोज जाणारी हजारो माणसांची नजर आपल्याला फुकट मिळते आहे. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात. यंत्राची पहिली फेरी किनाऱ्याजवळच्या टप्प्यात दिवाळीच्या आत पूर्ण करून ही यादी त्या फलकांवर लागावी, असे आपल्या दैनिकाने संबंधितांकडे आग्रहाने मांडावे, ही विनंती.

आपला,
पाण्याखालच्या पाहणीतील एक निवृत्त अभियंता
उरण, जि. रायगड